विटाळ आणि कण

एक ऑगस्टला मी एका घरी जेवायला नाही म्हणालो. त्या नकाराचा हा जबाब आहे.

घर माझ्या एका साथीदाराचं. पिरंगुटच्या पुढं आत गेलं की लागणाऱ्या एका गावातलं, मातंग वस्तीतलं. दिवस अण्णाभाऊ साठ्यांच्या जयंतीचा. मुळशीचा ऑगस्टातला पाऊस ज्याला ठाऊक त्याला ठाऊक. पत्र्यावर तो असा कोसळत होता की माझी कविता मलाच ऐकू येत नव्हती. कविता एकजुटीवर होती. महार, मांग, चांभार, ढोर सगळे एका ताटात, असलं काहीतरी मी घसा फोडून म्हटलं. टाळ्या पडल्या. अर्ध्या तासानं साथीदाराच्या आईनं माझ्यापुढं पुरीभाजीचं ताट ठेवलं आणि मी हात मागं घेतला.

"मावशी, मला नको. मला हे चालत नाही."

मावशी ताटाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "आमच्या हातचं चालत न्हाई व्हय रं? कवितेत तर चालत व्हतं."

माझा साथीदार घाईनं म्हणाला, "आये, त्याला पोटाचा आजार हाय. गहू खाल्ला की तरास व्हतो त्याला." मावशीनं ताट उचललं. जाता जाता बोलली, "गव्हाचा बी आजार असतो व्हय? नवीनच आईकतीया."

मला खरा आजार आहे. डॉक्टरचा कागद आहे. पण त्या क्षणी तो कागद दाखवायचीही लाज वाटली. कारण मावशीनं जे ऐकलं ते तिनं कानानं ऐकलं नव्हतं, पिढ्यांनी ऐकलं होतं. बामणानं, मराठ्यानं आपल्याला लांब ठेवलं हे आपण रोज ओरडून सांगतो. पण आपल्यातला महार मांगाच्या घरचं पाणी पीत नव्हता, हे आपण किती वेळा सांगतो? माझा आजा पीत नव्हता. आजीनं हे मला सांगितलं, आणि सांगताना तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. बाबासाहेबांनी याला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं. प्रत्येकाच्या डोक्यावर कुणाचा तरी पाय, आणि म्हणून प्रत्येकाला आपल्या पायाखाली कुणाचं तरी डोकं हवं. तेव्हा मावशी चुकली नव्हती. महाराचं पोर मांगाच्या घरात येतं, एकजूट गातं आणि ताट परत करतं. तिनं दुसरं काय समजावं?

म्हणून प्रश्न असा. अन्न नाकारणं हा गुन्हा केव्हा होतो आणि हक्क केव्हा होतो? वरून दोन्ही नकार सारखेच दिसतात. हात मागं घेणं सारखंच, "चालत नाही" हे शब्दही तेच. मग फरक कुठं आहे? आणि तो समोरच्याला दिसेल असा दाखवायचा कसा?

आधी आजार काय ते सांगतो. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मी पिठाच्या गिरणीत कामाला होतो. दहावीनंतर पाच वर्षं. तीन चक्क्या. एक गव्हाची, एक ज्वारी-बाजरीची, एक मिरची-मसाल्याची. दिवसभर दळण टाकायचं, डब्यावर चिठ्ठी लावायची, दगडाला टाकी मारायची. उरलेल्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर मी कविता लिहायचो. संध्याकाळी भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या. पोरं म्हणायची, गिरणीत राहून म्हातारा झालास. हसण्यावारी न्यायचो. पण पोट कायम फुगलेलं. दिवसातून चारचारदा परसाकडं. अंगावर मांस धरत नव्हतं. रक्त तपासलं की कमी. लोहाच्या गोळ्या खाऊन खाऊन तोंड गंजलं, रक्त वाढेना. कुणी म्हटलं जंत, कुणी म्हटलं टीबी, कुणी म्हटलं बाहेरचं आहे. आईनं काटकसर करून शक्ती यावी म्हणून माल्टच्या पावडरीचा डबा आणला. त्यानं मी अजून झडलो. का झडलो ते पुढं कळलं. माल्ट म्हणजे मोड आणून भाजलेला जव, आणि जवातही तेच विष.

शेवटी पुण्यातल्या एका सरकारी दवाखान्यात एका तरुण डॉक्टरीणबाईनं विचारलं, "काम काय करतोस?" इतक्या वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा कुणी विचारला. रक्ताची एक वेगळी तपासणी झाली. मग तोंडातून नळी घालून लहान आतड्याचा कणभर तुकडा काढला. आजाराचं नाव सिलिॲक.

गव्हात ग्लुटेन नावाचं चिकट प्रथिन असतं. गव्हाची कणीक ताणली तर ताणते ती त्याच्यामुळं. जव आणि राय या धान्यांतही त्याच जातीची प्रथिनं असतात. ज्याला हा आजार आहे त्याच्या आतड्यात हे गेलं की शरीराची राखण करणाऱ्या पेशी भडकतात आणि स्वतःच्याच आतड्यावर हल्ला करतात. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखी बारीक लव असते, ती अन्न शोषून घेते. ती झडते, सपाट होते. मग खाल्लेलं अंगी लागत नाही. माणूस खातो आणि उपाशी राहतो. म्हणून लोहाच्या गोळ्या वाया गेल्या. जगात शंभरात साधारण एकाला हा आजार असतो, आणि बहुतेकांना तो माहीतच नसतो. औषध नाही. एकच उपाय, जन्मभर गहू बंद. थोडाही नाही, सणालाही नाही. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, उपयोगी पडेल. कुणाला शंका आली तर तपासणीच्या आधी गहू सोडू नका. सोडला तर तपासणीत आजार सापडेलच असं नाही.

हे शोधलं कुणी? हॉलंडमधला एक लहान मुलांचा डॉक्टर, डिके. गव्हाचा संशय त्याला १९३० च्या दशकापासून होता. पुढं १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांच्या नाकेबंदीनं तिथं दुष्काळ पडला. पाव मिळेना. माणसं मेली. पण त्याच्या वॉर्डातली ही पोटदुखीची पोरं सुधारायला लागली. पाव परत आला तशी पोरं परत आजारी पडली. यावर त्यानं १९५० साली प्रबंध लिहिला. मी हे वाचलं तेव्हा रात्रभर झोप लागली नाही. सगळा देश ज्या पावासाठी रडतो आहे, तोच पाव एका पोराला मारतो आहे. बहुसंख्यांचं अन्न हे सगळ्यांचं अन्न नसतं. हे वाक्य मी नुसतं पोटाबद्दल लिहीत नाही.

आता पैशाकडं येतो. आजार गरिबाला झाला की तो निम्मा पोटात असतो आणि निम्मा खिशात.

आमचं पाच माणसांचं रेशनकार्ड. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं माणशी पाच किलो, म्हणजे महिन्याला पंचवीस किलो धान्य. तांदूळ आणि गहू. २०२३ पासून ते फुकट आहे. अंगठा लावला की मिळतं. माझा अंगठा गव्हालाही लागतो. म्हणजे सरकार माझ्या नावानं मला न चालणारं धान्य दर महिन्याला देतं, आणि मला चालणारी ज्वारी मी बाजारात रोख पैसे मोजून घेतो. पुण्यात कोथरूडला एका चकचकीत दुकानात 'ग्लुटेन-फ्री' पीठ बघितलं. एका पुड्याच्या किमतीत आमच्या घरची दोन दिवसांची भाजी, तेल, चहा झाला असता. पुडा उलटून वाचला. आत काय होतं? तांदूळ, ज्वारी, नाचणी. मित्रांनो, माझ्या आजीची भाकर! शाळेत डब्यात नाचणीची काळी भाकर असली की झाकण वर धरून खायचो आम्ही, कुणाला दिसू नये म्हणून. शेजारच्या पोराची पांढरी चपाती बघून घरी येऊन आईवर चिडायचो. आता २०२३ हे साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं, सरकारनं त्यांना 'श्रीअन्न' नाव दिलं, आणि आजीची लाज काचेच्या कपाटात जाऊन बसली. भाकर तीच. खाणारा बदलला म्हणून तिची जात बदलली.

गव्हाच्या पोळीकडं जाणं ही आपल्या माणसांना वर चढण्याची पायरी वाटली. वाटणारच. आजी सांगायची, पोळी म्हणजे सणाची. आणि मागून आणलेल्या तुकड्यांत पोळीचा तुकडा निघाला तर तो पोरांच्यात भांडणाला कारण. त्या टोपलीत ज्वारी, बाजरी, नाचणी, सगळ्या घरचे तुकडे एकत्र. शिळे, कडक. ते पाण्यात भिजवून खायचे. त्या पोटातून आलेल्या नातवाला डॉक्टरीणबाई सांगते, तू गहू सोड. आई रडली. मी मरेन म्हणून नाही रडली. "आत्ता कुठं पोळी रोज परवडाय लागली व्हती," म्हणून रडली.

तर मी काय केलं ते सांगतो. आधी गिरणी सोडली. मालकाला म्हटलं, मला मसाल्याच्या चक्कीवर टाका, चालेल. पण एकाच खोलीत तीन चक्क्या, हवेत गव्हाचंच पीठ, श्वासाबरोबर घशात जातं. माझं दळण तरी चक्की झाडून वेगळं काढू द्या म्हटलं. मालक म्हणाला, "एका माणसासाठी चक्की खोलायची? नखरे आहेत हे." आणि हाच मालक आषाढीच्या आधी चक्की खोलायचा. आतलं पीठ झाडायचा, ब्रशनं पुसायचा, मूठभर वरी फिरवून टाकून द्यायचा आणि मग राजगिरा-शिंगाड्याचं उपासाचं दळण घ्यायचा. गिऱ्हाईक समोर उभं राहून बघायचं. गव्हाचा एक कण उपासाच्या पिठात गेला तर उपास मोडतो! देवाच्या पोटासाठी चक्की खोलते, कामगाराच्या पोटासाठी खोलत नाही. याचा राग मला अजून आहे, लपवत नाही.

आता मी पौडच्या बाजूला एका भातगिरणीत आहे. पगार कमी. हंगामात काम रात्रंदिवस, पावसाळ्यात निम्मं. भाताच्या तुसाची धूळ छातीत जाते, पण आतड्याला काही करत नाही. आपल्याला निवड मिळते ती अशी, कुठला अवयव द्यायचा एवढीच. पण गिरणीत कणी मिळते. भात भरडताना मोडलेले तांदळाचे तुकडे. त्या स्वस्तात जातात, निम्म्या पगारात धरून घेतो. कणीचं पीठ, गरम पाण्याची उकड, आणि भाकर. ताम्हिणीकडं आत्याची वरकस जमीन आहे, एक तुकडा. तिथली नाचणी येते. गव्हाची पोळी लाटतात आणि भाकर थापतात, याचं कारण मला आजारानं शिकवलं. ग्लुटेन असतं म्हणून पीठ लाटलं तर फाटत नाही. भाकरीला हाताचाच आधार द्यावा लागतो. तेव्हा माझा नियम सोपा झाला. थापावी लागते ती माझी.

बाकी बाहेरचं जवळजवळ बंद. पाव, खारी, बिस्कीट, शेवया, रव्याचा उपमा, मैद्याचा समोसा बंद. डबीतला हिंग बंद, त्यात बहुतेक वेळा मैदा मिसळलेला असतो. बिअरही बंद, ती जवाची. काही मित्रांना याचंच सगळ्यात वाईट वाटलं. चालतात ते भात, पोहे, मुरमुरे, ज्वारीच्या लाह्या, वरी, साबुदाणा, डाळी, अंडी, सुकट. बेसन घरी दळलेलं असेल तर.

दळायचं कुठं? गावातल्या प्रत्येक चक्कीवर गहू. म्हणून आजीचं जातं माळ्यावरून काढलं. आई बसली दळायला. दोन दिवस ती दळत होती आणि मी खात होतो. तिसऱ्या दिवशी तिचा खांदा बघितला आणि लाज वाटली. लोक म्हणतात जुनं अन्न किती चांगलं, जात्यावरचं पीठ किती गोड. हो, पण ते जातं ओढलं कुणी? पहाटे तीनला उठून बायांनी. माझ्या आजारावरचा उपाय आईला परत जात्याला जुंपणार असेल तर तो उपाय नाही, तो बदला आहे. तेव्हापासून खुंटा माझ्या हातात. रात्री कामावरून आल्यावर अर्धा तास. शेजारी हसतात. हसू द्या. रेशनचा गहू शेजारच्या एका बाईला देतो, ती तिचा तांदूळ मला देते. कायद्याच्या पुस्तकात याला काय म्हणतात ते मी विचारलेलं नाही. दोघांची पोटं भरतात एवढं बघतो.

एक पुढारी मित्र मला म्हणाला, "अरे, लोकांना खायला नाही आणि तू गहू चालत नाही म्हणून लेख लिहितोस? हे चोचले आहेत. आपल्या लढ्यात वैयक्तिक दुखण्याला जागा नाही." त्याला उत्तर देणं भाग आहे, कारण असं म्हणणारे या पानांच्या वाचकांतही असतील.

पहिलं, ज्याच्या हातात कागद नाही त्याच्या नावानं हे लिहितोय. आपल्या वस्तीतलं एखादं पोर खातं आणि वाळतं. त्याच्या नावापुढं 'कुपोषित' लिहितात आणि आईला सांगतात, चांगलं खाऊ घाल, चपाती दे. त्यातल्या एखाद्याला हाच आजार नसेल कशावरून? भुकेचे प्रकार असतात. न मिळाल्यानं होणारी भूक एक, आणि मिळालेलं अंगी न लागल्यानं होणारी भूक दुसरी. दुसरी आपल्याला दिसत नाही, कारण पहिलीच इतकी मोठी आहे.

दुसरं, "मिळतंय ते खा" हे वाक्य कुणाचं आहे? ते वाड्याच्या मागच्या दारातून येसकराच्या टोपलीत पडलेलं वाक्य आहे. निवडणं हे वरच्यांचं काम, आपलं काम पदर पसरणं. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचं मांस सोडा, उष्टे-शिळे तुकडे मागणं सोडा असं सांगितलं. ते सोडून दुसरं काही ताटात येणार होतं म्हणून नाही. तरी लोकांनी सोडलं. उपाशी माणसालाही नाही म्हणता येतं, हे आपण तिथं शिकलो. पण इथं मी स्वतःला अडवतो. त्यांचा नकार स्वाभिमानाचा होता, माझा आतड्याचा आहे. त्यांचा मुकुट मी घालू नये. त्यांच्याकडून मी एवढंच घेतो, की गरिबाच्या नकारालाही अर्थ असतो.

तिसरं, मागणी साधी आहे. अन्न सुरक्षेच्या कायद्यात तांदूळ आणि गव्हाबरोबर भरडधान्यही लिहिलेलं आहे. तांदूळ तीन रुपये, गहू दोन, भरडधान्य एक रुपया, असे भाव मूळ कायद्यातच होते. शेजारच्या कर्नाटकात रेशनवर नाचणी आणि ज्वारी देतात. मग ज्याला गहू चालत नाही त्याच्या कार्डावर गव्हाऐवजी ज्वारी किंवा नाचणी का नाही? ज्यांचं जन्मभराचं अन्न ही भाकर होती त्यांना ती दुकानातून विकत आणि गहू फुकट, हा व्यवहार मला कळत नाही. मुळशीचं बघा. इथली नदीकाठची भाताची खाचरं टाटांच्या धरणाखाली गेली. १९२१ ते १९२४ सेनापती बापटांच्या पुढारपणाखाली सत्याग्रह झाला, तो हरला. पाणी अडवून केलेली वीज मुंबईला, तिथल्या गिरण्यांना गेली. जमीन इथली, भात इथला, उजेड तिकडं. आणि आज इथलाच आंबेमोहर आमच्या भातगिरणीतून पोत्यात भरून जातो, आमच्या वाट्याला कणी. तक्रार म्हणून सांगत नाही. कुणाचं अन्न काय असावं हे कोण ठरवतं, एवढंच विचारतो.

आता मूळ प्रश्नाकडं परत येतो. विटाळ आणि कण.

माझ्या घरात माझा तवा वेगळा आहे. माझी पळी वेगळी, परात वेगळी. चपातीला लागलेला हात माझ्या भाकरीला लागू नये असं मी आईला सांगतो. बहिणीची पोर चपातीचा तुकडा घेऊन माझ्या ताटाकडं आली की मी ओरडतो. एकदा ओरडलो आणि मध्येच थांबलो. हे शब्द मी कुठं ऐकलेत? लांब हो. शिवू नको. भांडं वेगळं ठेव. शाळेच्या माठापाशी, गावच्या हॉटेलातल्या वेगळ्या कपापाशी माझ्या बापानं ऐकलेले हेच शब्द. माझ्या आतड्यानं मला सोवळं नेसवलं काय?

पुष्कळ विचार केला. फरक सापडला तो असा.

विटाळ माणसाला चिकटलेला असतो, कण वस्तूला. बामणाच्या घरचा गहू मला जितका मारतो तितकाच मांगाच्या घरचा. गव्हाला गोत्र नाही. विटाळ नेहमी खालून वर जातो. आपण त्याला शिवलो तर तो बाटतो, तो आपल्याला शिवला तर आपण पवित्र होत नाही. कण कुठूनही कुठंही जातो. विटाळ मोजता येत नाही, कण मोजता येतो. किलोमागे वीस मिलिग्रॅमच्या आत ग्लुटेन असेल तरच 'ग्लुटेन-फ्री' लिहा, असा आपल्याकडं नियम आहे. विटाळाचा असा आकडा कुठल्या स्मृतीत आहे का? आणि जातो कशानं ते बघा. कण साबणानं, पाण्यानं, घासून जातो. महाडला आपल्या माणसांनी तळ्यातलं पाणी प्यालं, तर सवर्णांनी ते शुद्ध करायला शेण, गोमूत्र, दूध, दही कालवलेल्या १०८ घागरी त्यात ओतल्या. पिण्याच्या पाण्यात शेण घातल्यानं जे 'स्वच्छ' होतं तो विटाळ. त्यानं एक कणसुद्धा निघाला नसता, उलट भर पडली असती.

आणि शेवटचा फरक. विटाळ पाळणाऱ्याला फायदा होतो, त्याची किंमत दुसरा मोजतो. कणाची किंमत मी मोजतो.

इथं थांबलो असतो तर लेख सोपा झाला असता. पण आज विटाळही कणाचे कपडे घालून फिरतो. खोली भाड्यानं मागायला गेलो की "आम्ही शाकाहारी आहोत हो, वास येतो", "स्वच्छतेचा प्रश्न आहे", "आमच्याकडं भांडी वेगळी ठेवतात, सवय आहे" असं ऐकू येतं. जातीचं नाव कुणी घेत नाही, सगळे आरोग्यावर बोलतात. मग माझ्या तोंडचं आरोग्य आणि त्यांच्या तोंडचं आरोग्य मावशीनं वेगळं कसं ओळखायचं? कागद दाखवून? कागद तर त्यांच्याकडंही भरपूर आहेत.

मला वाटतं कसोटी नकारात नसते, नकाराच्या पुढच्या वाक्यात असते. विटाळ पाळणारा नाही म्हणतो आणि उठून जातो. कारण सांगायला तो कधी बांधील नव्हता. म्हणून ज्याला खरंच कणाची अडचण आहे त्यानं बसून राहिलं पाहिजे. कारण सांगितलं पाहिजे, समजेपर्यंत सांगितलं पाहिजे, आणि त्याच घरात, त्याच हातचं, दुसरं काहीतरी मागितलं पाहिजे. पुरी नको, तर भात मागायचा. बौद्ध भिक्खूंच्या नियमात हे फार साधेपणानं सांगितलंय. भिक्खूनं चांगलंचुंगलं मागून खाऊ नये, पण आजारी असेल तर मागावं. बुद्धानं स्वतः पोटाच्या आजारानं घाणीत पडलेल्या भिक्खूला आनंदाबरोबर धुतलं, पुसलं, आणि इतर भिक्खूंना आजाऱ्याची सेवा करायला सांगितलं. आजाऱ्यानं मागणं ही भीक नाही. त्यानं मागितल्याशिवाय दुसऱ्याला देता कसं येणार? मी एक ऑगस्टला चुकलो ते पुरी नाकारण्यात नाही. भात मागितला नाही, यात चुकलो.

आणि तो भात घरून न्यायचा नाही. हे मला आधी सुचलं होतं. आपला डबा न्यावा, म्हणजे कुणाला त्रास नाही. मग आठवलं, शिधा! खालच्या जातीकडून शिजवलेलं चालत नाही म्हणून कोरडा शिधा घेणारे, आपलं भांडं, आपला स्वयंपाकी घेऊन फिरणारे. माझा डबा मावशीच्या घरात तेच बोलला असता. एकत्र जेवल्यानं जात मरत नाही, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच बजावून ठेवलंय. मान्य. पण वेगळं जेवल्यानं ती पोसली जाते, हेही तितकंच खरं.

भाद्रपदात पाऊस उघडल्यावर मी परत त्या घरी गेलो. जयंती नाही, कार्यक्रम नाही, रिकाम्या हातानं. म्हटलं, "मावशी, भूक लागलीय. भात घाला." तिनं माझ्याकडं नीट बघितलं. चुलीवर आधण ठेवलं. मी चुलीपाशी बसून सगळं सांगितलं. आतडं, लव, जातं, कणी. पळी घेताना ती थांबली. पळी सकाळच्या चपातीच्या परातीत पडलेली.

"ही धुवाय लागंल?"

"हो मावशी. राखेनं घासून."

"बाटलीय व्हय? कुणामुळं, माझ्यामुळं का चपातीमुळं?"

"चपातीमुळं."

"मग ठीक हाय," असं म्हणून तिनं पळी घासली, मला दाखवली, आणि आमटीभात वाढला. आमटीत हिंग घातलेला नाही हे तिनं न विचारता सांगितलं. मी दोनदा घेतला. घरच्या माझ्या वेगळ्या तव्यावरची भाकर मला कधी इतकी गोड लागली नव्हती, हे लिहायला नको, पण लिहितो. "फुडल्या जयंतीला सगळ्यांनाच भात करू," ती म्हणाली, "पुऱ्यांचं तेल बी वाचंल."

मला वाटलं, झालं, प्रश्न सुटला. घरी जाऊन लेख लिहायचा. वाक्यं जुळवतच उठलो. मावशी दारापर्यंत आली.

"दोन बाऱ्या आलास माझ्या घरी," ती म्हणाली. "तुझी आई मला कधी बोलवनार जेवाय? तुमच्यात तर भाकरी असती. मला तर भाकरी चालती."

पाच वर्षांची आमची दोस्ती. तिचा पोरगा माझ्या घरी कितीदा आला असेल, ओट्यावर बसून चहा प्यायला असेल. जेवायला आत मी कधी बोलावलं नाही. आईनंही म्हटलं नाही. त्याला कुठला आजार आड आला होता? मला उत्तर सुचलं नाही. या लेखात मी जेवढं लिहिलं त्यात ते कुठंच नाही.